पेन्सिलीचे गोल

नवं कॅलेंडर भिंतीवर लागायच्या आधीच ऑफिसात त्याची चिरफाड होते. "दोन सुट्ट्या रविवारी गेल्या!" असं शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी दरवर्षी सुतकी चेहऱ्याने सांगतात. मग कुठल्या सुट्टीला कुठली रजा जोडायची, यावर खल होतो. मीही पेन्सिलीने गोल करतो. दहा मिनिटांत अख्खं वर्ष संपतं, उरलेले काळे आकडे नुसते ढकलायचे. कुठे पोचायची ही घाई, कळत नाही. पण जीव थाऱ्यावर राहत नाही.

परवा साताऱ्याला आईकडे उभ्याउभ्याच जाऊन आलो. तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही पेन्सिलीचे गोल दिसले. जन्मात नोकरी न केलेल्या बाईला कसल्या आल्यात सुट्ट्या? विचारलं, तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी आहे ना? सोमवारी एक रजा टाकलीस की चार दिवस होतात तुझे."

गोल अगदी माझ्यासारखेच होते. त्याच चार दिवसांची गोव्याची तिकिटं माझ्या फोनमध्ये होती.

"बघतो," मी म्हणालो.

तिने पोळी तव्यावर टाकली. उगाच चाळा म्हणून मी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान काढलं. तिथला गोल तिने खोडरबराने इतका नीट पुसला होता, की कागद तेवढ्यापुरता पातळ झाला होता.