फक्त पाय

"तुझे पाय घेऊ. तोंड नको."

दिग्दर्शक सगळ्या युनिटसमोर बोलला. गंगापूर रोडवरच्या एका फार्महाऊसवर गाण्याच्या व्हिडिओचं शूटिंग चाललं होतं. जुन्या जपानमधली नामांकित गणिका आणि तिची मिरवणूक, असा विषय. मी त्यात दुसरी गणिका होते. मागून चालणारी, पण चेहरा दिसणारी. त्यासाठी महिनाभर घरात उंच लाकडी खडावांवर चालून घोटे सोलून घेतले होते.

नायिकेला त्या खडावांवर चालता येईना. तिकडच्या गणिका म्हणे पाऊल अर्धगोल फिरवत, जमिनीला घासत, सावकाश टाकायच्या. नायिकाबाई आपटल्या. मग मला त्यांच्या जागी उभं केलं. पाय उघडेच हवे होते, त्या बायका थंडीतही मोजे घालत नसत. माझे पाय काळे. मेकअपवाल्यानं पोटरीपर्यंत पांढरा रंग फासला.

मी दिग्दर्शकाला विचारलं, मग माझ्या भूमिकेचं काय?

"तुझी आई तमाशात होती ना? तुमच्या रक्तातच आहे हे. पण पायीची वहाण पायीच बरी."

सगळे हसले. नायिकाही हसली. सकाळीच ती मोबाइलसमोर सांगत होती, गणिका म्हणजे केवढी मोठी कलावंत, ही भूमिका म्हणजे साधना. वा रे साधना! जपानची बाई नाचली की कलावंत आणि माझी आई ढोलकीवर नाचली की नाचणारी. त्याच नाचापायी शाळेत पोरी माझ्या बाकावर बसत नव्हत्या. तेव्हा गप्प बसले होते.

या वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. खडावांवरून उतरले. त्या पोशाखाचा कमरपट्टा पुढेच बांधतात, सोडायला कुणाची मदत लागली नाही. माझ्या कुर्त्यावरचा तो सगळा रेशमी डोलारा खुर्चीवर टाकला.

"पाय हवे असतील तर चेहरा दाखवा. नाहीतर तुमच्या साधनेला चालायला शिकवा."

नाशकात पुन्हा काम मिळणार नाही, असं तो म्हणाला. मी आवारातल्या नळावर पाय घासत बसले. रंग लवकर निघेना.

घरी आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "फडात लय शिव्या खाल्ल्या. पण तोंड झाकून नाय नाचले कधी."

व्हिडिओ आलाय. चेहरा नायिकेचा, पाय कुणा दुसऱ्याच मुलीचे. पांढरेफटक. खाली लोक लिहितायत, काय चाल आहे, काय अदा आहे. शेवटच्या नावांत त्या मुलीचं नाव नाही.

मी तिला शोधतेय. सापडली की आम्ही दोघी त्या दिग्दर्शकाच्या दारात जाऊन उभ्या राहणार आहोत. त्याला आमच्या तोंडाकडे बघूनच बोलावं लागेल.