टोपीवाल्या वीराचं गाव

मी शारजातल्या एका इंडियन शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचं काही काढलं की "मोजता येतं का ते?" एवढंच विचारून मी त्याला खाली बसवते. या सदरातले अनुभवसुद्धा मी वाचायचे ते करमणूक म्हणून, चहा पिता पिता, मनातल्या मनात लेखकाच्या चुका काढत. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी ना नाही... राग यायलाही अंगात जीव लागतो, तो सध्या नाही.

आम्ही शारजातच, अल मजाज भागात राहतो. मी, माझी मुलगी इरा, आणि संदीप. संदीप म्हणजे माझा नवरा. "राहत होता" असं लिहायला हवं, पण हात वळत नाही. त्याचा एसी डक्टिंगच्या कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, साइट्स बहुतेक शेजारच्या अजमानला. सासूबाई नाशिकला, माझ्या दिरांकडे.

आता मूळ गोष्ट. सासरच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. ज्यांच्याकडे नसतात त्यांच्यासाठी सांगते — चांदीचे छोटे पत्रे असतात, त्यावर कुलदैवतं आणि घराण्यात अपघाती गेलेले पूर्वज उठवलेले असतात. आमच्यातला एक टाक जगावेगळा आहे. त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पागोटं नाही, चक्क तीन कोनांची साहेबी टोपी आहे. अंगात लांब कोट, एक हात तोफेवर. लग्न होऊन आले तेव्हा मी फिस्सकन हसले होते. "आई, हा साहेब कुठून शिरला यांच्यात?"

"हसू नकोस मेघा, मूळपुरुष आहे तो आपला. जेकबबाबा," सासूबाई म्हणाल्या होत्या.

घरात चालत आलेली कथा अशी, की अठराव्या शतकात हा इंग्रज गोलंदाज कंपनीचं सैन्य सोडून मराठ्यांच्या तोफखान्यात आला, इथलीच बायको केली, आणि तोफ फुटून गेला. देह हाती लागला नाही. मुलाला आजोळचं आडनाव मिळालं, ते आमचं. जेकबबाबाला नैवेद्य दाखवायचा तो नेहमी दोन पानांवर. एक त्याचं, एक त्याच्या भावाचं. कुठला भाऊ, काय नाव, कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं — "आपल्यात तसंच असतं."

नाशिककडे धुळवडीला वीर निघतात. टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल कापडात गुंडाळून, थोरल्या मुलानं छातीशी धरायचा, अनवाणी वाजतगाजत गोदावरीवर न्यायचा, आंघोळ घालायची. जो उचलतो तो तेवढ्यापुरता माणूस राहत नाही, वीरच होतो. बायका त्याच्या पाया पडतात. परत आल्यावर घरातल्या बाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, "उतरा बाबा" म्हणायचं आणि टाक स्वतःच्या हातानं त्याच्याकडून काढून घ्यायचा. सासरे गेले, थोरला म्हणून मान संदीपकडे आला, आणि त्याच्याबरोबर जेकबबाबा शारजाला आले.

आमची मिरवणूक हॉलच्या दारापासून बाल्कनीपर्यंत. वाजंत्री मोबाइलवर. गोदावरी बाटलीतली, ताटात ओतलेली. यंदा संदीप रंगात येऊन नाचत होता तर वॉचमन वर आला — "साब, नीचे से कंप्लेंट आया है." "खलास भाई, हो गया, हो गया!" संदीप हसत म्हणाला. तेवढ्यात साइटवरून फोन आला. कन्सल्टंट इन्स्पेक्शनला येऊन उभा होता. मी स्वयंपाकघरात भाकरतुकडा घेत होते. बाहेर येते तर यानं स्वतःच टाक देव्हाऱ्यात ठेवलेला, किल्ल्या हातात. "यल्ला, निघतो!" कानाजवळ गालाला गुलाबी रंग तसाच. मी म्हटलं, अरे तोंड तरी पूस. पण लिफ्टचं दार बंद झालं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, अजमानच्या साइटवर फोरमनशी बोलता बोलता संदीप खाली बसला, तो उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव. व्हेंटिलेटर. डॉक्टर रोज तेच सांगायचे, "मॅडम, वी हॅव टू वेट." मी शाळेतून हॉस्पिटलला, हॉस्पिटलमधून घरी. भेटायला एकच तास मिळायचा. त्या तासात मी त्याला दिवसभराच्या फालतू गोष्टी सांगायचे. कुठली मुलं नापास झाली, कुणाची बदली झाली. तो ऐकतोय असं धरून चालायचे.

सासूबाई फोनवर एकच धोशा लावून होत्या, "जेकबबाबाला नवस बोल." मी सरळ नाही म्हटलं. पण एका संध्याकाळी डॉक्टरांनी "तुमच्या फॅमिलीला बोलावून घ्या" असं सांगितलं आणि घरी आल्यावर माझे पाय आपोआप देव्हाऱ्यापाशी गेले. अडला हरी... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हात जोडून म्हणाले, "तुझं गाव मी शोधते. तुला तुझ्या माणसांत पोचवते. माझ्या माणसाला बरं कर." फिजिक्सची बाई, टोपीवाल्या साहेबापुढे! दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच हसले असते.

शोध खरा इरानं घेतला. ती युनिव्हर्सिटीत आहे, इथेच जन्मली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. कंपनीनं भरती केलेल्या शिपायांच्या जुन्या याद्या आता नेटवर बघता येतात, त्यात गावं लिहिलेली असतात. जेकब बरेच निघाले. त्यातले तोफखान्यातले वेगळे काढले, पळून गेलेले आणखी वेगळे. मग एकेकाच्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची आणि दफनाची रजिस्टरं. स्कॅन केलेली, पुसट, वेडंवाकडं अक्षर. रोज हॉस्पिटलमधून आलो की आम्ही दोघी डायनिंग टेबलावर बसायचो. खरं सांगते, त्या बैठकीनं आम्हाला वेड लागू दिलं नाही. संदीपसाठी काहीतरी करतोय असं वाटायचं. दुसरं करण्यासारखं होतंच काय?

आणि एक दिवस इरा स्क्रीनपासून मागे सरकली. "मॉम... लुक. ट्विन्स."

इंग्लंडच्या डेव्हनमधलं एक खेडं. नाव मुद्दामच देत नाही. एकाच दिवशी दोन बाप्तिस्मे, आईबाप तेच — जेकब आणि टॉमस. पुढच्या पानांत टॉमसचं लग्न, त्याची मुलं, म्हातारपणी त्याचं दफन. जेकबचं पुढे काहीच नाही, ना लग्न, ना दफन. इरा हळूच म्हणाली, "टू प्लेट्स, मॉम." इतक्या पिढ्या आमच्या बायका त्या भावाचं पान वाढत होत्या.

त्या चर्चची जुनी कागदपत्रं बघणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना हिलरीबाई म्हणू. नवरा गेलेला, वय झालेलं, बोलणं अगदी गोड. इरानं मेल केली, मग मी फोन केला. टॉमसचा दगड चर्चच्या आवारात अजून उभा आहे म्हणाल्या. मी चाचरत विचारलं, तिथे दोन फुलं ठेवाल का? आणि मोठ्यानं एवढंच म्हणाल का, की जेकब, तू घरी पोचलास? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यात काय! गुरुवारी दुपारी चर्चमधली फुलं बदलायला मी जातेच."

बुधवारी संदीपनं बोटं हलवली.

मी हात धरला होता, त्यानं दाबला. नर्सनंही पाहिलं. डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले, "इन्शाल्ला, मॅडम." मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ढसाढसा रडले. घरी येऊन जेकबबाबापुढे डोकं टेकलं, मनापासून. इराला म्हटलं, तुझे बाबा बरे होऊन घरी आले की आपण तिघं त्या खेड्यात जाऊ. ती म्हणाली, "आय ऑलरेडी चेक्ड द ट्रेन्स."

गुरुवारी संध्याकाळी मी नेहमीच्या वेळेला त्याच्यापाशी होते. त्याला जेकबची सगळी गोष्ट सांगत होते, टॉमसची, दोन पानांची. त्याचा चेहरा इतका शांत मी कधी बघितला नव्हता. त्याच्या मनावर सतत साइटचं काहीतरी असायचं, झोपेतसुद्धा कपाळाला आठी. ती आठी गेलेली पाहून मला आनंद झाला हो! मग मशिन वाजायला लागलं, माणसं धावत आली, मला बाहेर काढलं. त्यांनी खूप प्रयत्न केले. व्हायचं ते झालं.

इथली संध्याकाळ म्हणजे तिथली दुपार. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंही नाही.

दीर आले, इथेच सगळं उरकलं. तेरावं करून दीर नाशिकला परत गेले, मग हिलरीबाईंना कळवायला हवं म्हणून चार ओळी लिहिल्या. ज्याच्यासाठी तुम्ही हे केलंत तो माझा नवरा त्याच दिवशी गेला, तुमचे उपकार आहेत वगैरे. बरोबर संदीपचा एक फोटो जोडला. लगेच त्यांचा फोन आला. त्यांचं बोलणं मराठीत सांगते.

"पण या गृहस्थांना मी भेटलेय," त्या म्हणाल्या. "त्या गुरुवारी. मी गेले तेव्हा ते टॉमसच्या दगडापाशी बसले होते. मला वाटलं तुमच्यापैकीच कुणी इंग्लंडात राहणारे, तुम्ही पाठवलेले. म्हणून फुलं त्यांच्याच हातून ठेववली."

मी म्हटलं, हे शक्य नाही, ते हॉस्पिटलमध्ये होते. बाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "पाऊस पडून गेला होता, गवत ओलंचिंब, आणि त्यांच्या पायात काही नव्हतं. म्हणून तर मी नीट बघितलं. इथे कानाजवळ गुलाबी डाग होता, मला वाटलं काही चावलंय. मी विचारलं, लांबून आलात का? म्हणाले, फार लांबून, पण आता घरी पोचलो."

त्या रंगाबद्दल मी कुणालाही, कुठेही एक शब्द लिहिलेला नव्हता. जोडलेला फोटो जुना, डेझर्टमधल्या पिकनिकचा, चेहरा स्वच्छ.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "यंदा वीर उतरवला कुणी?"

मी म्हटलं, कुणी नाही, त्यानंच ठेवला, घाईत होता.

"म्हणजे वीर संदीपच्या अंगावरच राहिला गं," त्या म्हणाल्या. "आणि तू वीराला घरी पाठवलंस." मला दोष दिला नाही त्यांनी, तसा सूरही नव्हता. पोटचा मुलगा गेलेली बाई ती. फक्त फोन दिरांच्या हातात दिला आणि आत गेल्या.

मी मला येणारं सगळं लावून पाहिलं. हिलरीबाईंचं वय झालंय. इरा म्हणते, "शी मिक्स्ड हिम अप विथ सम टूरिस्ट, मॉम. प्लीज लेट इट गो." असेल. फोटो आधी पाहिला आणि आठवण मागाहून त्यावर बसली, असंही होतं. असेल. वेळ जुळली हा योगायोग. बोटं हलणं हा नुसता रिफ्लेक्स, असं नंतर डॉक्टरच म्हणाले. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे, फक्त त्या डागाला नाही. आणि असलं, तरी मला त्याचा काय उपयोग? कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, पण समजूत काढायला म्हणून नको.

एक मात्र लिहायचं राहिलं. इरालाही मी हे सांगितलेलं नाही. ती हे सदर वाचत नाही.

मी हिलरीबाईंना पुन्हा फोन केला होता. एकच विचारायचं होतं. आमच्याबद्दल काही बोलला का तो? बायकोबद्दल, मुलीबद्दल?

त्या विषय बदलून चर्चच्या फुलांचं काहीतरी सांगायला लागल्या. मी म्हटलं, असेल ते सांगा.

"मी विचारलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "तुमची वाट बघणारं कुणी आहे का, म्हटलं, फोन करायचा असेल तर माझ्या घरून करा. ते आठवायला लागले. खरंच खूप प्रयत्न केला हो त्यांनी, डोळे मिटून. मग हसले, आणि नाही म्हणाले."