नळीचं तोंड कुणाकडे

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवरून निघाले की नवऱ्याचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "आज कुणावर चिडलीस?" दर शनिवारी कुणीतरी असतंच, त्यामुळे माझ्याकडे अशा गोष्टींचा ढीग झालाय. तशी मी इथे अमेरिकेत, कॅरीतल्या एका औषध कंपनीत काम करते. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या नेमबाजीच्या टीममध्ये होते, म्हणून इथे शिकारीला जाणाऱ्या मुलांना रायफल शिकवते. पोरं गुणी असतात हो. मी चिडते ती त्यांच्या बापांवर.

*

एक बाप मुलासाठी नवी कोरी, भलीमोठी रायफल घेऊन आला. दस्ता इतका लांब की पोराची मान ताणली जात होती. "वाढेल की तो," बाप म्हणाला. मी म्हटलं, "हे काय शाळेचे बूट आहेत, पुढच्या वर्षी बसायला?"

मी दुसरी रायफल आणायला वळले, तेवढ्यात बापाने त्याला बार काढायला लावला. धक्क्याने दुर्बीण भुवईवर आपटली, रक्त आलं. बाप व्हिडिओ काढत होता. "आता तू खरा शिकारी," म्हणे.

मी ती रायफल पेटीत बंद केली आणि पोराच्या हातात आमची छोटी पॉइंट टू-टू दिली. मी भुवईला पट्टी लावत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी मी मॉमबरोबर आलो तर चालेल?"

*

दुसरा एक जण गप्पा मारत रायफलसकट मागे वळला. नळी सगळ्या मुलांवरून फिरली. मी ओरडले, तर हसून म्हणतो, "रिलॅक्स, लोडेड नाहीये."

आमचा रेंजप्रमुख रँडी कधी आवाज चढवत नाही. त्याने रायफल काढून घेतली, बोल्ट उघडला. आतून काडतूस त्याच्या तळहातावर पडलं. ते त्याने त्या माणसाच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "घरी जा. पुन्हा कधी 'लोडेड नाहीये' म्हणावंसं वाटलं, तर आधी खिसा चाचप."

*

आपली माणसंही कमी नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, मुक्या जनावरांना मारायला शिकवतेस तू? कसं बघवतं तुला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण काकू तेवढ्यात पुढे म्हणाल्या, "जरा सरक, त्या सुक्या मटणातली नळी घेऊ दे."

*

हॅना नावाची मुलगी आहे, आठवीतली. बार काढायच्या आधीच डोळे मिटायची. तिचा बाप, क्रेग, मागून सारखा करवादायचा, "घाबरतेस काय? माझी लाज काढू नकोस."

असं झालं की आम्ही न सांगता डमी काडतूस भरतो. बार होत नाही, पण आवाजाच्या भीतीने नळी खाली गेली की दचकणं उघडं पडतं. त्या दिवशी मी हॅनाला उठवलं आणि क्रेगला म्हटलं, "तुम्हीच दाखवा ना तिला."

तो ऐटीत बसला. ट्रिगर ओढला. नुसती टिक. आणि नळीने अशी डुबकी मारली की समोरच्या गवतात घुसते की काय वाटलं.

हॅना शांतपणे म्हणाली, "डॅड, श्वास घे आधी."

*

हाच क्रेग शिकारीचा सीझन सुरू झाल्यावर तरातरा रेंजवर आला. हॅना मागे, खाली मान घालून.

"तुम्ही माझ्या मुलीला बिघडवलंत," तो म्हणाला. "आम्ही मचाणावर होतो. मी जरा खाली उतरलो, तर हिच्या समोर टेकाडावर हरण आलं. इतकं मोठं शिंगाळं मी जन्मात पाहिलं नाही. आणि हिने बार काढलाच नाही."

मी हॅनाला विचारलं, "का गं?"

"हरणाच्या मागे नुसतं आकाश होतं. गोळी कुठे जाऊन थांबेल ते मला दिसत नव्हतं."

"मागे काही नाहीये," क्रेग तडकला. "जमीन माझी आहे. मला तिथला दगड न् दगड माहीत आहे."

हॅनाने मान वर केली.

"डॅड, तू तेव्हा कॉफी आणायला गेला होतास. ट्रक टेकाडाच्या पलीकडे होता."