तबकडीतली उडालेली ओळ

मी चौथी शिकलो. पण एवढ्याशा काळ्या तबकडीत गाणारी बाई मावते कशी, हे शिकलेली माणसंही मला कधी नीट सांगू शकली नाहीत.

लग्नात स्पीकर लावायचा माझा धंदा. झाडावर कर्णा बांधायचा, बॅटरी जोडायची, तबकडीवर सुई टेकवायची. लांब मुंबईत कधीतरी गायलेली बाई बेलापूरच्या उसात घुमायची. उसाला पाणी देणारी माणसं फावड्याला टेकून उभी राहायची. रोजचंच काम, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

माझ्याकडं एक प्रेमाचं गाणं होतं, त्याला लई मागणी. त्यात पोरगी त्याला भेटायला बोलावते. पण तबकडीला चरा पडलेला. 'ये' म्हणून झालं की सुई उडायची, ती थेट पुढच्या कडव्यात. सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवून पाहिलं, तरी उडायची. कुठं ये, ते कुणालाच कळायचं नाही. आसपासच्या गावांतल्या बाया ते गाणं तसंच म्हणायच्या, ओळ गाळून. त्यांना वाटायचं, गाणंच तसं आहे.

एकीला तसं वाटलं नाही. बेलापुरात एका लग्नात कडुनिंबाखाली माझं मशीन होतं, तिथं ती पोरगी आली.

"ओ स्पीकरवाले, ती बाई त्याला कुठं बोलावती?"

"तबकडी घासलीय."

"मग त्यो बिचारा जानार कुठं?"

पुढच्या उन्हाळ्यात तिलाच मागणी घातली.

संसारभर तिनं तो प्रश्न सोडला नाही. भाकरी थापताना मधेच म्हणायची, "अवो, लागला का पत्ता?" मी कधी सांगायचो राहुरीच्या बाजारात, कधी कारखान्याच्या गेटावर.

"तुमाला न्हाई कळायचं. तुमी नुसती सुई टेकवनारे."

पुढं कॅसेटी आल्या, माझा धंदा बसला. त्या गाण्याची कॅसेट काही निघाली नाही. नगरची सगळी दुकानं पालथी घातली. ती ओळ तेवढी तिला आणून द्यायची होती. ती गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. ओळ राहिलीच.

परवा लेक आली. मी गाण्याचे पहिले शब्द सांगितले, तिनं मोबाईलवर शोधलं.

"दादा, हे बघा. कुनीतरी जुनी तबकडी नेटवर चढवलीय."

सुई नाही, कर्णा नाही, वायर नाही. आणि तीच बाई गायला लागली. कुणी अनोळखी माणसानं एवढी वर्षं ती तबकडी घासू दिली नव्हती. त्याचे पाय धरावेसे वाटले. चऱ्याची जागा जवळ आली तसा माझा हात सवयीनं दांडी धरायला उठला. धरायला काही नव्हतं. बाई सरळ गात पुढं गेली.

कुठं यायचं, ते ती सांगतच नाही. कुठं ते तुला ठाऊक आहे, एवढंच म्हणते.

"एवढ्यासाठी आईनं तुमाला जन्मभर पिडलं व्हय?" लेक म्हणाली.

मी भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "ऐकलंस का? त्याला ठाऊक हुतं."

काल एसटीनं बेलापूरला गेलो. कडुनिंब आहे अजून. खाली लोकांनी मोटारसायकली लावल्या होत्या. त्यांच्यातच जागा करून तासभर थांबलो आणि परतीच्या गाडीनं घरी आलो.