पाठ करून बसणाऱ्या काकू

पाठकाकूंचं आडनाव पाठक नव्हतं. विद्यार्थी बोलायला लागला की त्या खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसायच्या, म्हणून आम्ही मुलांनी त्यांना ते नाव दिलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. इंग्रजीच्या परीक्षेत समोर माणूस नसतो, संगणक असतो आणि तोंडाशी माइक. त्याची सवय व्हावी म्हणून ही पाठ. "तिथे तुझ्यासाठी कोणी मान डोलवणार नाही," त्या म्हणायच्या, "मग मी पण नाही डोलवणार. चाल, बोल."

पाठ वळली तरी हात चालू असायचे. मांडीवर थाळी आणि थाळीत थंडीच्या दिवसांत तुवेरच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा, एरवी वालपापडी. आपलं बोलणं समजत असलं की शेंगा सोलल्याचा आवाज एका लयीत येत राही. समजेनासं झालं की हात थांबत. काकू एक शब्दही बोलत नसत, पण तो आवाज थांबला की मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. आजही वॉर्डात वरिष्ठ डॉक्टर मध्येच लिहायचे थांबले की माझं बोलणं अडखळतं.

मी बडोद्याजवळच्या पादऱ्याची. बाबा खानदेशातून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी, इंग्रजी फक्त कागदावर. नर्सिंगची पदवी झाल्यावर परदेशातल्या एका रुग्णालयाने नोकरी देऊ केली. अट एकच होती, इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण मिळाले पाहिजेत. वाचणं, लिहिणं, ऐकणं जमलं. बोलण्यात दोन वेळा घसरले. रुग्णालयाने कळवलं की आणखी एकदा वाट पाहू, त्यानंतर जागा दुसऱ्या कुणाला देऊ. ते पत्र मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं आणि स्कूटर पुसायला गेले.

मला बुडवत होता तो अगदी पहिला प्रश्न. मैत्रिणीला सल्ला द्या, आणि तोही बहुतेक वेळा प्रवासाचा. तुमची मैत्रीण पहिल्यांदाच एकटी डोंगराळ भागात निघाली आहे, तिला काय सांगाल? विचार करायला अर्धं मिनिट, बोलायला दीड. बडोद्यात अलकापुरीतल्या एका क्लासने याचं तयार उत्तर पाठ करायला दिलं होतं. नागरवाड्यात काकूंच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी मी ते पहिल्याच दिवशी घडाघडा म्हणून दाखवलं. शेंगांचा आवाज पहिल्याच वाक्याला थांबला.

"पाठ केलेलं पाठीला कळतं, बेटा," काकू म्हणाल्या. "हे तू कोणाला सांगत होतीस?"

"मैत्रिणीला."

"नाव काय तिचं?"

मला एकही नाव सुचेना. मला सल्ला देणारे पुष्कळ होते. माझ्याकडे सल्ला मागायला कधी कोणी आलंच नव्हतं.

मग मी स्वतःचं बोलायला लागले. बाहेरचं खाऊ नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, अंधार पडल्यावर फिरू नकोस, पैसे एका जागी ठेवू नकोस, हे सगळं इंग्रजीतून. काकू म्हणाल्या, "सल्ला देतेस की धमकी? ती बिचारी तिकीट रद्द करेल ना!" मी म्हटलं, आमच्याकडे सल्ला असाच देतात. "तो आईबापांचा. त्यांना तू घरीच राहायला हवी असतेस. मैत्रीण भीती नाही घालत गं, सोबत देते."

शेवट तर फारच फसायचा. उत्तर संपवताना एकदा मी मैत्रिणीला निरोप दिला, "ओके, कम!" सोलणं थांबलं आणि समोरची पाठ गदागदा हलायला लागली. काकू हसत होत्या. "अगं, मी निघाले आणि तू परत कुठे बोलावतेस?" मी असं का बोलले ते मलाही कळेना. काकूंनीच उलगडून सांगितलं. निघालेल्या माणसाला आपण 'ये हं' म्हणतो, गुजराती शेजारी 'आवजो' म्हणतात. 'जा' म्हणायला दोघांचीही जीभ उचलत नाही. "बडोद्यात कोणी जातच नाही, सगळे येतात," काकू म्हणाल्या. "इंग्रजीत मात्र माणसाला जाऊ द्यावं लागतं."

काकू मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. काका गेले होते, एकुलती एक मुलगी कॅनडात. माझ्या उच्चारांना त्यांनी कधी हात लावला नाही. "बोलणं बडोद्याचंच राहू दे, अर्थ पोचला म्हणजे झालं," असं त्यांचं मत. पण वाक्य अर्ध्यावर सोडलेलं त्यांना खपत नसे. चुकलं तरी पूर्ण कर, म्हणायच्या, अर्ध्या वाक्यावर माणूस लटकून राहतो.

परीक्षा जवळ आली तसं माझं बोलणं सुधारलं. एका दुपारी मी काहीही न अडखळता दीड मिनिट बोलले, आणि तरी काकूंचे हात थांबलेले. मी घाबरून विचारलं, "कुठे चुकलं?"

"तुझं नाही गं." त्यांनी खुर्ची वळवली. "मुलीने माझं तिकीट काढलंय. कायमचं. तुझ्या परीक्षेच्या आधीच निघावं लागणार."

आता मला ऐकणार कोण? पण काकूंचा चेहरा पाहून मी ते विचारलं नाही. कितीतरी मुलांना त्यांनी विमानात बसवलं होतं, स्वतः मात्र कधी बसल्या नव्हत्या. "भीती वाटते का काकू?" मी विचारलं. "छे. मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं आहे, एवढंच," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "एवढंच." आणि मी जिना उतरताना वरून पुन्हा एकदा, "विमान बदलायचं, एवढंच ना?"

त्या निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पादऱ्याहून बसने बडोद्याला रुग्णालयात कामावर येत होते. फोन वाजला. आवाज काकूंचा होता, पण मला चटकन ओळखू आला नाही.

"वैशाली, मला गेट सापडत नाही. मुलीचा फोन लागत नाही."

"कुणाला तरी विचारा ना काकू."

"विचारायला जाते आणि शब्दच येत नाहीत. मला इंग्रजी येईना गं. एवढी वर्षं शिकवलं आणि..." पुढे नुसता श्वास. काकूंनी वाक्य अर्ध्यावर सोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

विमानतळ मी जन्मात पाहिला नव्हता. रुग्ण घाबरला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट सांगतो. मी तेच केलं. "काकू, आधी बसा. बसलात? आता गणवेशातलं कोणी दिसतं का पाहा. दिसलं की नुसता हात वर करा आणि फोन त्यांना द्या. तुम्ही काही बोलू नका. मी बोलते."

बराच वेळ नुसती खरखर. बस खड्ड्यांतून उडत होती, कंडक्टर तिकिटासाठी शेजारी उभा. मग एका बाईचा आवाज आला, भरभर इंग्रजीत. मी एका कानात बोट घालून ओरडले, "माय फ्रेंड इज ट्रॅव्हलिंग अलोन. शी कान्ट फाइंड हर गेट. शी इज नॉट सिक, शी इज ओन्ली स्केअर्ड. प्लीज डोन्ट जस्ट पॉइंट. प्लीज वॉक विथ हर." त्या बाईने दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. "ओके, आय विल टेक हर," ती म्हणाली आणि फोन बंद पडला.

काकूंना मी 'माय फ्रेंड' म्हणाले होते. मराठीत तसं म्हणायची माझी छाती झाली नसती.

सगळी बस माझ्याकडे पाहत होती. "बेन, गेट मळ्युं?" कंडक्टरने विचारलं. मिळालं की नाही, मला माहीत नव्हतं. दिवसभर माहीत नव्हतं. सलाइन लावताना, रक्तदाब घेताना मी पुन्हा पुन्हा खिशातला फोन चाचपत होते. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा निरोप आला. आईला विमान मिळालं.

त्याच आठवड्यात परीक्षा झाली. खोलीत कानांवर हेडफोन लावलेले आम्ही बरेच जण, आणि सगळे एकदम बोलत होते. पडद्यावर प्रश्न आला. मित्राला एकट्याने पहिल्यांदाच लांबचा रेल्वेप्रवास करायचा आहे. घड्याळाचे आकडे उलटे पळत होते. बोलायची खूण झाली तरी माझं तोंड उघडेना. पडद्याच्या कडेची वेळेची रेघ भरत चालली. मग मला त्या अनोळखी विमानतळावरच्या काकू दिसल्या, हातात फोन धरून उभ्या. मी त्यांनाच सांगायला सुरुवात केली. शाल वरच्या पिशवीत ठेवा. स्टेशन येण्याआधी समोरच्यांना सांगून ठेवा, लोक उठवतात. नाही समजलं तर पुन्हा विचारा, लाज वाटली तरी विचारा. बोलत गेले आणि मध्येच माइक बंद झाला. निरोप द्यायचा राहिला, वाक्यही अर्ध्यावर तुटलं. मी त्या रात्री जेवले नाही.

निकाल आला. हवे होते तेवढेच गुण, एकही जास्त नाही.

बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "आधी मॅडमना."

"बाबा, मॅडम कॅनडात आहेत."

"ठाऊक आहे. दाराशी जाऊन येऊ."

नागरवाड्याचा तो जिना बाबा पहिल्यांदाच चढले. इतके दिवस ते खाली स्कूटरवर थांबत. बंद दारासमोर उभं राहून मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. जाड स्वेटर, तिथली सकाळ, विस्कटलेले केस. मी गुण सांगितले. त्यांनी डोळे मिटून मान डोलवली. "निघणार कधी?" मी महिना सांगितला. बाबांनी पेढा फोनसमोर धरला, काकूंनी तिकडून तोंड उघडल्यासारखं केलं, आणि आम्ही तिघंही हसलो.

मग त्या म्हणाल्या, "वैशाली, जरा दार दाखव ना."

मी फोन वळवला. कडी, उंबरठा, टपालाची फट.

"कुलूप नीट बसलंय ना गं?"

मी काही म्हणायच्या आत बाबा पुढे झाले. त्यांनी ते कुलूप दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढलं, आणि फोनकडे पाहत म्हणाले, "पक्कं बसलंय, मॅडम."