प्रसादाला नाही म्हणायचं नसतं

देवाशी माझं भांडण नव्हतं. त्याच्या फ्लेक्सशी होतं. कात्रपच्या आमच्या चौकात सत्संगाचा फ्लेक्स लागला की त्यावर महाराज लहान आणि शुभेच्छुक मोठे. आईने जेवण सोडलं आणि दादाने पुण्याहून फोनवर "एखादं अनुष्ठान कर" असं सुचवलं, तेव्हा मी म्हटलं, "तू ये, चार दिवस तिला भरव. तेच अनुष्ठान."

आईला विसरण्याचा आजार. मी तिला कधी मुलगी वाटते, कधी शेजारीण. पण देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं नाही, हे तिच्या पक्कं लक्षात. दाखवलेला नैवेद्य मात्र ती क्षणात विसरे. मी पुन्हा ताट देवापुढे ठेवायचे, पाणी फिरवायचे, ती पुन्हा म्हणे, "अगोदर देवाला." वरणभात गार होई. ती वाळत चालली होती आणि माझा आवाज चढत चालला होता. एखाद्या दिवशी हात उठेल, अशी मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

एका सोमवारी तिला रिक्षाने अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. श्रद्धेने नव्हे, घरात बसवेना म्हणून. गाभारा खाली, पायऱ्या उतरणं तिला जमेना. आम्ही बाहेरच सावलीत टेकलो. एवढं येऊन दर्शनही नाही, म्हणून मला रडू आलं.

शेजारी दर्शन करून आलेल्या एक सिंधी आजी बसल्या होत्या, उल्हासनगरच्या. त्यांनी डबा उघडला, जाडसर गोड पोळीचा तुकडा आईपुढे धरला. "लो अम्मा, परशाद है." ती खाणार नाही, असं मी सांगणार, तेवढ्यात आईने पदर सावरून ओंजळ पुढे केली, तुकडा कपाळाला लावला आणि सगळा खाल्ला. वर मलाच दटावलं, "अशी बघतेस काय? प्रसादाला नाही म्हणायचं नसतं."

"तू भी खा," आजी मला म्हणाल्या. "माँ से ज़्यादा तो तू सूख गई है."

मी आईचं तोंड पुसेपर्यंत त्या निघूनही गेल्या. याला चमत्कार म्हणण्याइतकी माझी तयारी नाही. पण त्यांची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

आता ताट देव्हाऱ्यापुढे ठेवून आणते आणि "जेव" न म्हणता "प्रसाद घे" म्हणते. कधीकधी ती तरीही नाकारते. मग मी ताट झाकते आणि देवाला सांगते, आता तुझं तू बघ. हेच वाक्य पूर्वी मी चिडून म्हणायचे.

परवा तिने पहिला घास केला आणि माझ्यापुढे धरला. मी कोण, ते तिला आठवत नव्हतं. "घ्या हो बाई," ती म्हणाली. "प्रसाद एकट्याने खायचा नसतो."

मी ओंजळ पुढे केली.