घाट बंद आहे

वादळानं कुंभार्ली घाटात दरड कोसळली होती आणि कऱ्हाडच्या स्टँडवर चिपळूणच्या गाड्या रद्द झाल्या होत्या. लोक कुरकुरत घरी परतत होते. एका बाईनं मात्र काखेतलं गाठोडं सावरत चौकशीच्या खिडकीत विचारलं, "मग दुसरीकडून कुठून जाता येईल?"

"आंबा घाटानं फिरून जा. पण दिवस मोडेल, मावशी."

"मोडू दे की!"

रस्ता बंद झाला, की खरोखर कोण निघालं होतं ते कळतं. दरडीचं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते वाटणं ओळखीचं होतं. चिपळूणला दादा अंथरुणाला खिळला, तेव्हाही हाच घाट बंद होता. मी इथूनच घाट बंद असल्याचा फोन केला आणि घरी परतलो. त्याचं ते झिजणं मला बघायचं नव्हतं. पावसानं अडवलं, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. आंबा घाट तेव्हाही चालू होता, आणि मला ते ठाऊक होतं.

आज वहिनीला हे खरं सांगायला निघालो होतो. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"भाऊजी, घाट बंद झालाय म्हणे. आता कशाला येताय?"

"आंबा घाटानं येतो, वहिनी."

ती म्हणाली, "सापडला का हो तो रस्ता? हे शेवटपर्यंत म्हणत होते, आंब्यानं येईल तो."

सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्या बाईच्या मागोमाग गाडीत चढलो.